घरातलं माणूस गेल्यावर शेअर आणि म्युच्युअल फंड वारसांच्या नावावर कसे करायचे: कोणतं काम आधी, कोणतं नंतर

डिमॅट खातं असलेला माणूस गेला की घरात दोन चुका हमखास होतात. पहिली घाईची. मोबाईल हाताशी असतो, पिन माहीत असतो, म्हणून मुलगा किंवा जावई शेअर विकून मोकळा होतो. दुसरी सवडीची. "नॉमिनी लावलेला आहे, बघू सावकाश," म्हणत दोन-तीन वर्षं जातात. तोवर बँक खातं बंद होतं, लाभांश परत जातो, ब्रोकरचे ईमेल कुठल्या पत्त्यावर यायचे तेही कोणाला आठवत नाही.

नावावर करून घेण्याच्या या कामाला डीपी (डिमॅट खातं ज्यांच्याकडे आहे तो ब्रोकर किंवा बँक) आणि रजिस्ट्रार (कंपनीच्या किंवा फंडाच्या गुंतवणूकदारांच्या नोंदी ठेवणारी संस्था) यांच्या भाषेत ट्रान्समिशन म्हणतात. काम अवघड नाही, पण त्याला क्रम आहे. एखादा टप्पा मागेपुढे झाला की अर्ज परत येतो, नाहीतर शेअर मिळतात पण पुढे कराच्या वेळी आकडे जुळत नाहीत. इथे फक्त डिमॅटमधले शेअर, म्युच्युअल फंड आणि जुनी कागदी सर्टिफिकेटं यांचा विचार केला आहे. पीपीएफ, ईपीएफ, विमा यांचे रस्ते वेगळे आहेत.

## टप्पा १: पहिल्या आठवड्यात काय करायचं नाही

गेलेल्या माणसाच्या लॉगिनमधून काहीही विकू नका, गहाण ठेवू नका, स्वतःच्या खात्यात वळवू नका. पिन आणि ओटीपी तुमच्याकडे आहे म्हणून अधिकार येत नाही. ब्रोकरला दिलेलं मुखत्यारपत्रही खातेदाराच्या मृत्यूबरोबर संपतं. दाखल्यावरची तारीख आणि विक्रीची तारीख समोरासमोर ठेवली की मृत्यूनंतरचा सौदा लगेच उघडा पडतो. उद्या एखाद्या भावंडाने किंवा चुलत्याने तक्रार केली, तर प्रामाणिकपणे घरखर्चासाठी केलेली विक्रीसुद्धा तोतयेगिरी ठरू शकते. बँकेच्या यूपीआयला आणि एटीएम कार्डालाही हेच लागू आहे.

दोन गोष्टी मात्र थांबवून चालत नाहीत:

- फ्युचर्स-ऑप्शन्सचे सौदे उघडे असतील तर ब्रोकरला त्याच दिवशी ईमेल करा. मार्जिन, म्हणजे सौद्यापोटी ठेवलेली अनामत, कमी पडलं की नुकसान वाढत जातं, आणि ते शेवटी त्याच खात्यातल्या शेअरमधून वसूल होतं.
- सिम कार्ड चालू ठेवा, रिचार्ज संपू देऊ नका. लाभांश, एसआयपी (फंडातली दरमहाची गुंतवणूक), विम्याचा हप्ता यांचे मेसेज त्याच नंबरवर येतात आणि पुढची यादी करताना ते फार उपयोगी पडतात. नंबर चालू ठेवायचा तो वाचण्यासाठी. त्यावरून व्यवहार करायचे नाहीत.

तपासा: चालू एसआयपी कोणत्या बँक खात्यातून जाते? बँकेला मृत्यू कळवल्यावर हप्ते परत जातील. जाऊ द्या. मृताच्या फोलिओत (फंड कंपनीकडच्या खात्यात) वारसाने पैसे भरत राहिलं की नंतरचा हिशेब विनाकारण गुंततो.

## टप्पा २: मृत्यूचा दाखला, आणि त्यावरचं नाव

दाखला मृत्यू जिथे झाला तिथल्या महापालिकेचा मिळतो. माणूस डोंबिवलीचा आणि मृत्यू परळच्या केईएममध्ये, तर दाखला मुंबई महापालिकेचा, कल्याण-डोंबिवलीचा नव्हे. नोंद २१ दिवसांच्या आत व्हावी असा कायदा आहे. रुग्णालयात मृत्यू झाला असेल तर नोंदीचा कागद रुग्णालयच पाठवतं. घरी झाला असेल तर डॉक्टरने दिलेलं मृत्यूच्या कारणाचं प्रमाणपत्र घेऊन नोंद तुम्हाला करावी लागते.

खरी काळजी नावाची घ्यायची आहे. रुग्णालयाचा फॉर्म कोणीतरी रडवेल्या चेहऱ्याने घाईत भरून देतं, त्यात घरी हाक मारायचं नाव पडतं, वडिलांचं नाव गळतं किंवा आडनावाचं स्पेलिंग बदलतं. मग डिमॅटला एक नाव, पॅनला तेच, आणि दाखल्यावर भलतंच. फॉर्म भरताना पॅन कार्ड शेजारी ठेवा आणि त्यावरून अक्षर न् अक्षर उतरवा. ही पाच मिनिटं पुढचे दोन महिने वाचवतात.

दाखल्याच्या आठ-दहा मूळ प्रती घ्या. बहुतेक ठिकाणी साक्षांकित प्रत चालते किंवा मूळ प्रत समोर पाहून परत देतात, पण बँक, विमा कंपनी, डीपी आणि सोसायटी एकाच आठवड्यात मागतात तेव्हा एक-दोन प्रती पुरत नाहीत.

तपासा: दाखल्यावरचं नाव, पॅनवरचं नाव आणि डिमॅटवरचं नाव एका कागदावर एकाखाली एक लिहा. फरक दिसला तर दाखला दुरुस्त करून घ्या, किंवा दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचं प्रतिज्ञापत्र पुढच्या कागदांबरोबरच करून ठेवा.

## टप्पा ३: कुठे काय आहे याची यादी

अर्जाच्या आधी यादी पूर्ण झाली पाहिजे. अर्धवट यादीवर काम सुरू केलं की तेच कागद, तेच नोटरी, त्याच सह्या पुन्हा कराव्या लागतात. परदेशातल्या भावाची सही दुसऱ्यांदा आणणं म्हणजे काय, ते ज्यांनी केलंय त्यांनाच ठाऊक.

सर्वात आधी ईमेलमध्ये एनएसडीएल किंवा सीडीएसएल या डिमॅट खाती सांभाळणाऱ्या संस्थांकडून येणारं एकत्रित खातेपत्रक शोधा. महिन्यात व्यवहार झाला असेल तर त्या महिन्याचं येतं, नाहीतर सहामाही. फाईलचा पासवर्ड म्हणजे पॅन, मोठ्या अक्षरांत. त्या पॅनवरची डिमॅट खाती आणि फंडांचे फोलिओ दोन्ही त्यात एकत्र दिसतात. डिमॅट खात्याचा क्रमांक १६ खुणांचा असतो. सगळे आकडे असतील तर खातं सीडीएसएलचं, सुरुवातीला आय आणि एन ही अक्षरं असतील तर एनएसडीएलचं.

मग बँकेचं पासबुक घ्या, किमान गेल्या तीन वर्षांचं, आणि ओळीने वाचा. लाभांशाची प्रत्येक जमा कंपनीचं नाव सांगते. दरमहा त्याच तारखेला जाणारी रक्कम म्हणजे एसआयपी. वर्षातून एकदा ४३६ रुपये जात असतील तर ती प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा योजना, म्हणजे २ लाखांचा विमा दावा. २० रुपये जात असतील तर ती अपघात विम्याची सुरक्षा योजना. विषय थोडा बाहेरचा आहे, पण पासबुक हातात असताना हे नजरेतून सुटता कामा नये.

त्यानंतर कपाट. जुन्या फाईलींत कागदी सर्टिफिकेटं, लाभांशाच्या न वटवलेल्या वॉरंटच्या पट्ट्या, फंडाची छापील स्टेटमेंट सापडतात. गिरगाव, लालबाग, दादरच्या जुन्या घरांत तर हे हमखास निघतं. ज्या शेअरवरचा लाभांश सलग सात वर्षं कोणी घेतला नाही, ते शेअर केंद्र सरकारच्या गुंतवणूकदार शिक्षण आणि संरक्षण निधीकडे गेलेले असू शकतात. त्यांचा दावा वेगळा करावा लागतो. विसरलेले फंड फोलिओ शोधायला कॅम्स आणि केफिनटेक या फंडांच्या रजिस्ट्रारांनी उभं केलेलं 'मित्र' पोर्टल आहे. बँकांतल्या बेवारस ठेवींसाठी रिझर्व्ह बँकेचं 'उद्गम'.

सावध: सर्टिफिकेट कितीही जुनं असो, कंपनीचं नाव ओळखीचं नसो, फाडू नका. नाव बदललेल्या, विलीन झालेल्या कंपन्यांचे शेअर आजही जिवंत असू शकतात.

## टप्पा ४: खरेदीच्या नोंदी खातं बंद होण्याआधी मिळवा

हा टप्पा जवळपास सगळे वगळतात, आणि त्याचा फटका विक्रीच्या वर्षी बसतो.

वारशाने शेअर मिळाले म्हणून त्या दिवशी कर लागत नाही. पण वारस पुढे ते विकतो, तेव्हा खरेदीची किंमत मूळ मालकाची धरली जाते आणि शेअर किती काळ ठेवला तेही मूळ मालकाने घेतल्या दिवसापासून मोजलं जातं. शेअर तुमच्या डिमॅटमध्ये आले त्या दिवसाचा बाजारभाव इथे कामाचा नाही. ब्रोकरच्या ॲपवर मात्र वारशाने आलेल्या शेअरची खरेदी किंमत शून्य दिसते, नाहीतर जमा झाल्या दिवसाचा भाव दिसतो. दोन्ही चूक.

एक उदाहरण बघा. समजा वडिलांनी २०११ मध्ये एका कंपनीचे २०० शेअर ९० रुपयांनी घेतले. ३१ जानेवारी २०१८ रोजी त्या शेअरचा दिवसातला सर्वोच्च भाव ३१० रुपये होता. शेअर आईच्या नावावर आले तेव्हा भाव ४८० होता, आणि तिने ते ५०० ला विकले. फेब्रुवारी २०१८ च्या आधी घेतलेल्या शेअरला त्या ३१ जानेवारीच्या भावाची सवलत मिळते, म्हणून कराच्या हिशेबात खरेदी ३१० धरायची. नफा दर शेअरमागे १९०, एकूण ३८,००० रुपये. ॲपने खरेदी शून्य धरली तर हाच नफा १,००,००० दिसेल. ४८० धरली तर फक्त ४,००० दिसेल आणि विवरणपत्र चुकीचं जाईल.

शेअर आणि इक्विटी फंडांच्या दीर्घ मुदतीच्या नफ्यावर २३ जुलै २०२४ पासूनच्या विक्रीला १२.५ टक्के दर आहे, आणि वर्षाला १.२५ लाखांपर्यंतचा असा नफा करमुक्त. वर्षाच्या आतल्या विक्रीच्या नफ्यावर २० टक्के. वारसाने महिन्याभरापूर्वी मिळालेला शेअर विकला म्हणून तो अल्प मुदतीचा होत नाही. वडिलांनी २०११ ला घेतला, तर तो दीर्घ मुदतीचाच.

म्हणून ब्रोकरला मृत्यू कळवण्याच्या पत्रातच पुढच्या गोष्टी लेखी मागा:

- मृत्यूच्या तारखेचं होल्डिंग स्टेटमेंट, प्रत्येक शेअरच्या खरेदीची तारीख आणि किंमत यांसह
- उपलब्ध असतील तितक्या वर्षांचे खातेउतारे आणि कॉन्ट्रॅक्ट नोट (प्रत्येक सौद्याची ब्रोकरने दिलेली पावती)
- त्या आर्थिक वर्षाचं भांडवली नफ्याचं पत्रक
- मृत्यूच्या तारखेला खात्यात येणं-देणं किती, आणि शेअर गहाण आहेत का

कॉन्ट्रॅक्ट नोट मृताच्या ईमेलमध्येही असतात. जुन्या असतील तर कपाटातल्या फाईलीत कागदावर. बोनस (फुकट मिळालेले शेअर) आणि स्प्लिट (एका शेअरचे अनेक होणं) यांची नोंद शेजारी लिहून ठेवा. २०० चे ४०० कसे झाले, हे पाच वर्षांनी कोणालाच आठवत नाही.

तपासा: यादीतल्या प्रत्येक शेअरपुढे तारीख, संख्या, किंमत हे तीन रकाने भरले का? एखादा रिकामा असेल तर तो आत्ता शोधा. खातं बंद झाल्यावर ब्रोकरच्या मागे लागणं फार जड जातं.

## टप्पा ५: दावा करणारा कोण, हे ठरवा

कागदांची यादी यावरूनच ठरते.

खातं जॉइंट असेल तर. हक्क जिवंत धारकांकडे जातो आणि इथे नॉमिनीचा प्रश्न येत नाही. डीपीला कोणत्या नावांचं आणि कोणत्या क्रमाचं खातं हवं, ते आधी विचारा. बँकेत 'आयदर ऑर सर्व्हायव्हर' (दोघांपैकी कोणीही किंवा मागे राहिलेला खातं चालवू शकतो) असतं तसं डिमॅटमध्येही असेल असं गृहीत धरू नका.

एकट्याचं खातं, नॉमिनी आहे. हा सर्वांत सोपा रस्ता. ट्रान्समिशनचा अर्ज, मृत्यूचा दाखला, नॉमिनीचं केवायसी आणि नॉमिनीच्या डिमॅट खात्याचा तपशील. न्यायालयाचा कागद लागत नाही, इतर वारसांची सही लागत नाही.

पण नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने १४ डिसेंबर २०२३ च्या निकालात हे शेअर आणि फंडांच्या बाबतीत स्पष्ट केलं आहे. तो खटलाही मुंबईतल्याच एका कुटुंबाचा होता. डीपी नॉमिनीला शेअर देऊन मोकळा होतो. नॉमिनीने पुढे ते मृत्युपत्राप्रमाणे, आणि मृत्युपत्र नसेल तर वारसा कायद्याप्रमाणे हक्कदारांना द्यायचे असतात. नॉमिनी धाकटा भाऊ आणि वारस बायको-मुलं, अशा घरांत हे सुरुवातीलाच एकत्र बसून बोला. शेअर विकल्यावर बोलणी सुरू झाली की नाती तुटतात.

एकट्याचं खातं, नॉमिनी नाही. शेअर बाजाराची नियामक संस्था सेबी, तिच्या मे २०२२ च्या नियमांनुसार डिमॅटमधल्या १५ लाख रुपयांपर्यंतच्या मूल्यासाठी सोपी कागदपत्रं चालतात: नोटरीसमोरचं प्रतिज्ञापत्र, इंडेम्निटी बाँड (पुढे वाद निघाला तर नुकसान भरून देण्याची हमी), बाकीच्या वारसांचं ना-हरकत पत्र आणि नात्याचा पुरावा. त्यावरच्या रकमेला वारसा प्रमाणपत्र, प्रोबेट (मृत्युपत्राला न्यायालयाची मान्यता) किंवा तत्सम न्यायालयीन कागद लागतो. कागदी सर्टिफिकेटांसाठी हीच मर्यादा दर कंपनीमागे ५ लाख आहे.

इथे सर्वांत जास्त चूक होते ती वारसांच्या यादीत. मृत्युपत्र न करता गेलेल्या हिंदू पुरुषाचे पहिल्या वर्गाचे वारस म्हणजे पत्नी, मुलगे, मुली आणि आई. आई हयात असेल तर ती वारस आहे, मग ती गावी दुसऱ्या मुलाकडे का राहत असेना. लग्न झालेली मुलगी वारस आहे. आधीच वारलेल्या मुलाची किंवा मुलीची मुलंही. "बहिणीला काही नको आहे" हे तोंडी सांगून चालत नाही, तिची सही लागते. प्रतिज्ञापत्रात एक वारस गाळला तर ते खोटं प्रतिज्ञापत्र ठरतं, आणि त्याची जबाबदारी सही करणाऱ्यावर येते.

मृत्युपत्र असेल तर ते लपवून नॉमिनीच्या नावावर काम उरकू नका. मूळ प्रत सुरक्षित ठेवा आणि त्याची अंमलबजावणी कशी करायची ते वकिलाकडून लेखी घ्या.

सावध: परदेशातल्या वारसाची सही भारतीय वकिलातीत किंवा तिथल्या नोटरीकडे साक्षांकित करून पोस्टाने यावी लागते. मसुदा पक्का झाला की पहिला कागद त्याला पाठवा. सर्वांत जास्त वेळ तिथेच जातो.

## टप्पा ६: दावेदाराचं स्वतःचं डिमॅट खातं

शेअर रोख होऊन हातात येत नाहीत. ते दावेदाराच्या डिमॅटमध्येच येतात, म्हणून अर्जाच्या आधी खातं हवं. आईचं डिमॅट नसेल तर उघडा, आणि शक्य असेल तर वडिलांच्याच डीपीकडे उघडा. एकाच छताखाली काम लवकर होतं. वेगळ्या डीपीकडे असेल तर त्या डीपीच्या सही-शिक्क्याचा क्लायंट मास्टर रिपोर्ट, म्हणजे खात्याच्या तपशिलाचा कागद लागतो, ज्याला सगळे सीएमआर म्हणतात.

खातं दावेदाराच्या एकट्याच्या नावाचं असावं. सोय म्हणून आई आणि मुलाचं जॉइंट खातं उघडलं आणि नॉमिनी फक्त आई असेल, तर नावं जुळत नाहीत म्हणून अर्ज परत येतो. आधी आईच्या खात्यात घ्या, पुढे काय करायचं ते नंतर. दावेदार अनिवासी भारतीय असेल तर साधं निवासी खातं चालत नाही, एनआरओ बँक खात्याला जोडलेलं डिमॅट लागतं.

आईचं पॅनवरचं नाव माहेरचं आणि आधारवरचं सासरचं, ही आपल्याकडची नेहमीची अडचण. विवाह प्रमाणपत्र किंवा नावबदलाचं राजपत्र काढून पॅन आधी सरळ करा.

तपासा: पॅन-आधार जोडणी चालू आहे का? बँक खात्यात दावेदाराचं नाव पहिलं आहे का? मोबाईल आणि ईमेल दावेदाराचे स्वतःचे आहेत का, की जावयाचे?

## टप्पा ७: स्टॅम्पपेपर, नोटरी, सह्या

नॉमिनी असेल तर हा टप्पा जवळपास सोडून देता येतो. नसेल तर इथे नीट लक्ष द्या.

महाराष्ट्रात ऑक्टोबर २०२४ पासून अशा दस्तांचं किमान मुद्रांक शुल्क १०० वरून ५०० रुपये झालं आहे. घरात पडून असलेला जुना शंभराचा कागद वापरू नका. प्रतिज्ञापत्राला एक आणि इंडेम्निटी बाँडला दुसरा, असे वेगळे कागद घ्या. कागद दावेदाराच्या नावावर घ्या, आणि घेतल्यापासून सहा महिन्यांच्या आत वापरा. त्यानंतर तो मुद्रांक बाद होतो.

मसुदा डीपीच्या किंवा रजिस्ट्रारच्या नमुन्यातलाच उतरवा. न्यायालयाबाहेरच्या टायपिस्टकडे तयार मजकूर असतो, पण तो बहुतेक वेळा बँकेच्या किंवा सोसायटीच्या कामाचा असतो. खाते क्रमांक, प्रत्येक शेअरचं नाव, आयएसआयएन (त्या शेअरचा ओळख) क्रमांक आणि संख्या स्पष्ट लिहा. "सर्व शेअर" असं मोघम लिहिलं की परत येतं.

नोटरीच्या शिक्क्यासोबत त्यांच्या नोंदवहीतला क्रमांक आणि तारीख हवी. प्रत्येक पानावर सही हवी. खाडाखोड झाली तर त्याच जागी शेजारी पूर्ण सही करा, व्हाइटनर अजिबात नको. वृद्ध दावेदाराची सही थरथरत असेल आणि बँकेतल्या जुन्या सहीशी जुळत नसेल, तर आधी बँकेत नवी सही नोंदवा आणि बँकेकडून ती साक्षांकित करून घ्या.

## टप्पा ८: अर्ज कुठे द्यायचा

डिमॅटमधल्या शेअरसाठी प्रत्येक कंपनीला पत्र लिहायची गरज नाही. वीस कंपन्यांचे शेअर असोत, अर्ज एकच, डीपीकडे. दोन डिमॅट खाती असतील तर दोन अर्ज.

१ जानेवारी २०२४ पासून मृत्यूची माहिती कोणत्याही एका ब्रोकरला, डीपीला किंवा फंडाला दाखल्यासह दिली की ती केवायसी नोंदणी संस्थेमार्फत बाकीच्यांकडेही जाते आणि त्या पॅनवरून होणारे डेबिट थांबवले जातात. हे संरक्षण म्हणून उत्तम आहे. पण माहिती पोहोचली म्हणजे दावा झाला असं नाही. दावा प्रत्येक ठिकाणी वेगळा करावाच लागतो.

खात्यात ब्रोकरचं देणं असेल तर आधी ते फेडा. शेअर कर्जासाठी किंवा मार्जिनसाठी गहाण असतील तर आधी सोडवा. अडकलेले शेअर हलत नाहीत, आणि त्या एका शेअरपायी सगळा अर्ज थांबतो.

कागद द्यायच्या आधी सगळ्या संचाचे फोटो काढा. पोच घेताना शिक्का, तारीख आणि दिलेल्या कागदांची यादी हवी. नुसतं "मिळालं" लिहिलेली पोच कामाची नाही. कागद पूर्ण असतील तर डिमॅटमधल्या शेअरसाठी ७ दिवसांची आणि कागदी शेअरसाठी २१ दिवसांची मुदत ठरलेली आहे. काही कमी असेल तर सगळ्या त्रुटी एकाच वेळी आणि लेखी मागा. काउंटरवर तोंडी सांगितलेली त्रुटी दुसऱ्या दिवशी बदलते.

## टप्पा ९: फंड आणि कागदी शेअर

फंडांचे दोन प्रकार नीट ओळखा. एकत्रित खातेपत्रकात जे युनिट डिमॅट खात्याखाली दिसतात, ते शेअरबरोबर डीपीच्या अर्जातच येतात. जे फोलिओ क्रमांकाखाली दिसतात, त्यांचा दावा फंड कंपनीकडे किंवा तिच्या रजिस्ट्रारकडे, म्हणजे कॅम्स किंवा केफिनटेककडे. एका फंड कंपनीतले सगळे फोलिओ एकत्र, पण दर फंड कंपनीला स्वतंत्र संच. दावेदाराच्या बँक खात्याचा नाव छापलेला रद्द केलेला धनादेश जोडा.

करबचतीच्या ईएलएसएसला एक वेगळा नियम आहे. तीन वर्षं पैसे न काढण्याची अट मृत्यूनंतर तशीच राहत नाही. युनिट मिळाल्यापासून एक वर्ष झालं असेल तर नॉमिनी किंवा वारस पैसे काढू शकतात.

कागदी सर्टिफिकेटांसाठी कंपनीच्या रजिस्ट्रारकडे जायचं. ट्रान्समिशनचा फॉर्म आयएसआर-५, केवायसीचा आयएसआर-१, बँकेकडून सही साक्षांकित करायचा आयएसआर-२. शेअर आता कागदावर परत मिळत नाहीत, डिमॅटमध्येच मिळतात. टक्केवारी घेऊन जुने शेअर सोडवून देणारे एजंट शोकसंदेश वाचून फोन करतात. त्यांच्या हाती मूळ सर्टिफिकेट किंवा कोऱ्या कागदावरची सही देऊ नका.

## टप्पा १०: शेअर जमा झाल्यावर

संख्या टप्पा ३ च्या यादीशी ताडून पाहा. मधल्या काळात बोनस, स्प्लिट किंवा हक्कभाग आला असेल तर तोही यायला हवा. मधला लाभांश जुन्या बँक खात्यातून परत गेला असेल तर कंपनीच्या रजिस्ट्रारकडे मागा.

मृताचं त्या आर्थिक वर्षातलं १ एप्रिलपासून मृत्यूच्या तारखेपर्यंतचं उत्पन्न त्याच्याच पॅनवर दाखवायचं असतं. त्यासाठी प्राप्तिकर पोर्टलवर कायदेशीर वारस म्हणून नोंदणी करा. त्यानंतरचा लाभांश आणि नफा वारसाच्या विवरणपत्रात. मृताच्या पॅनवर कापलेला टीडीएस कोणी परत मागत नाही, तोही इथेच मागता येतो. विक्री करण्याआधी टप्पा ४ चा तक्ता समोर घ्या आणि ॲपवरची खरेदी किंमत हाताने दुरुस्त करता येत असेल तर करा.

जुनं डिमॅट रिकामं झालं की ते बंद झाल्याचं पत्र घ्या. आणि दावेदाराच्या नव्या खात्यात त्याच आठवड्यात नॉमिनी भरा. आई ७० वर्षांची आणि खात्यात नॉमिनी नाही, हे जितकं दिसतं तितकं दुर्मिळ नाही.

## अडलं तर

आधी डीपीच्या किंवा रजिस्ट्रारच्या तक्रार विभागाला ईमेल करा आणि पोचेचा फोटो जोडा. उत्तर नाही आलं तर सेबीच्या 'स्कोअर्स' पोर्टलवर तक्रार टाका. संस्थेला २१ दिवसांत उत्तर द्यावं लागतं. तक्रारीत राग लिहू नका. अर्जाची तारीख, पोच क्रमांक, कोणत्या तारखेला कोणती त्रुटी सांगितली आणि ती केव्हा पूर्ण केली, एवढंच क्रमाने लिहा. उत्तर पटलं नाही तर पुढे 'स्मार्ट ओडीआर' पोर्टलवर ऑनलाइन समेट आणि लवादाची सोय आहे. वाद वारसांमध्येच असेल तर मात्र ही दोन्ही दारं उपयोगी नाहीत. डीपी शेअर आहेत तिथेच थांबवतो आणि न्यायालयाच्या आदेशाची वाट पाहतो.